अँटमधून युमास्क चालत का नाही, आणि फाइलच्या परमिशन मग लावायच्या कुठे

आधी प्रश्न पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं बिल्ड (कोडपासून तयार साइट बनवणं) अँट या जावाच्या बिल्ड-साधनावर आहे. जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर) ते रात्री चालवतो आणि तयार झालेलं डिस्ट फोल्डर आर-सिंक -ए ने (फाइल परमिशनसकट नेणारी कमांड) वेब सर्व्हरवर जातं. कुडाळच्या ऑफिसात तुझ्या लॅपटॉपवर बिल्ड केलं की साइट नीट दिसते. तेच बिल्ड सर्व्हरवर झालं की वेब सर्व्हर एनजिनएक्स ४०३ (परवानगी नाही) दाखवतो, कारण फाइल ६४४ (सगळ्यांना वाचता येतील अशा) ऐवजी ६०० (फक्त मालकाला वाचता येतील अशा) झालेल्या असतात. त्या मशीनवर युमास्क (नव्या फाइलच्या कुठल्या परमिशन अडवायच्या तो आकडा) ०७७ आहे हे तू शोधलंस, तिथपर्यंत अगदी बरोबर. मग अँटच्या एक्झेक टास्कमध्ये (तो बाहेरचा प्रोग्राम चालवतो) प्रोग्रामच्या जागी 'युमास्क' लिहिलंस, तर 'एरर=२, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. त्यावर शेल (एसएच, कमांड चालवणारा प्रोग्राम) मध्ये घेऊन एसएच -सी युमास्क ०२२ असं केलंस. बिल्ड हिरवं झालं, लॉगमध्ये मध्येच ००७७ असा आकडा छापला गेला, आणि फाइल पुन्हा ६००. आता विचारतोयस की शेलची बिल्ट-इन (शेलच्या आतच असलेली) कमांड बिल्ड स्क्रिप्टमधून चालवायची तरी कशी.

(कमांड मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन.)

तो ००७७ सोडून देऊ नकोस, सगळं गौडबंगाल तिथेच आहे. अंदाजाने सांगतो, तू बिल्ड फाइलमध्ये 'आर्ग लाइन' वापरलंयस आणि त्यात -सी युमास्क ०२२ असं सलग लिहिलंयस. आर्ग लाइन स्पेसवर तुकडे पाडते. म्हणजे शेलला मिळाले तीन वेगवेगळे तुकडे: -सी, युमास्क, ०२२. -सी नंतरचा एकच तुकडा ही कमांड. त्यापुढचं जे काही येतं ते $० आणि $१ म्हणून जमा होतं. म्हणून तुझ्या शेलने चालवलं नुसतं 'युमास्क', आणि ०२२ हे बिचारं स्वतःचं नाव समजून खिशात टाकलं. नुसत्या युमास्कचा अर्थ 'सध्याचा आकडा सांग'. त्याने सांगितला, ००७७. एक्झिट कोड शून्य, बिल्ड हिरवं. 'आर्ग व्हॅल्यू' वापरून दोन वेगळे आर्ग दे, एकात -सी आणि दुसऱ्यात 'युमास्क ०२२' अख्खं. मग आकडा खरंच बदलेल.

आणि फाइल तरीही ६०० च होतील.

याचं कारण कळलं की बाकीचं तुझं तुला सुचेल. युमास्क ही फाइलची किंवा फोल्डरची गोष्ट नाही. युजरचीही नाही. ती चालू असलेल्या प्रोसेसची गोष्ट आहे. प्रत्येक प्रोसेसजवळ तिचा तिचा एक युमास्क असतो. फोर्क झाला (प्रोसेसने आपलीच नक्कल करून पोर-प्रोसेस काढली) की पोराला बापाच्या आकड्याची नक्कल मिळते, एक्झेक झालं (तीच प्रोसेस दुसरा प्रोग्राम चालवू लागली) तरी तो टिकतो. पण पोराने स्वतःचा बदलला तर तो बापाकडे परत जात नाही. मुंबईच्या खोलीतला पंखा बंद केला म्हणून देवगडच्या घरातला थांबत नाही, तसंच. अँटने शेल उघडला, शेलने स्वतःचा युमास्क ०२२ केला, त्याला दुसरं काही काम नव्हतं म्हणून तो मेला. अँट होता तिथेच, ०७७ वर.

म्हणूनच ही कमांड शेलच्या पोटात असावी लागते. शेलचा स्वतःचा आकडा बदलायचा तर सिस्टम कॉल (कर्नलला केलेली विनंती) शेलनेच करायला हवा, बाहेरच्या प्रोग्रामने करून उपयोग नाही. सीडीची (फोल्डर बदलायच्या कमांडची) गोष्ट हीच आहे. युनिक्सच्या जनकांपैकी एक, डेनिस रिची यांनी युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय: फोल्डर बदलायची कमांड आधी साध्या प्रोग्रामसारखी चालत होती. मग त्यांनी फोर्क आणला आणि ती एकाएकी निकामी झाली, कारण फोल्डर बदलत होतं ते पोराचं. शेवटी ती शेलच्या आत घ्यावी लागली. ज्यांनी सिस्टम घडवली त्यांचीही यात गल्लत झाली होती, तेव्हा तुझी झाली यात वाईट वाटून घेऊ नकोस. सीडी, युमास्क, युलिमिट, एक्सपोर्ट ही सगळी त्याच जातीची. 'टाइप युमास्क' असं शेललाच विचारलं तर तो 'शेल बिल्टइन' म्हणून सांगतो. गंमत म्हणजे मॅकवर यूएसआर-बिनमध्ये युमास्क नावाची एक खरीखुरी फाइल आहे. तिथे तुझा पहिला प्रयोग एरर न देता पार पडला असता आणि काहीही घडलं नसतं. एरर मिळाला ते एक प्रकारे बरंच झालं.

आता उपाय. नियम एकच: ज्या प्रोसेसमध्ये फाइल तयार होणार, तिच्यात किंवा तिच्या वरच्या कुठल्यातरी बापात युमास्क बदलायचा. तेव्हा आधी विचार, तुझ्या फाइल तयार कोण करतं? कॉपी टास्क. तो बाहेर कुठला सीपी (कॉपी करायची कमांड) चालवत नाही, जावामध्येच, त्याच जेव्हीएममध्ये (अँट ज्यात चालतो त्या जावाच्या प्रोसेसमध्ये) फाइल लिहितो. अँटच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की युनिक्सवर कॉपी टास्क मूळ परमिशन राखत नाही, युमास्कप्रमाणे येतील त्या लागतात. म्हणजे अँट सुरू होतानाच युमास्क बरोबर हवा, मधल्या टास्कमध्ये करून फायदा नाही. जेनकिन्सच्या शेल स्टेपमध्ये अँटच्या वर एक ओळ टाक, 'युमास्क ०२२'. त्याच स्टेपमध्ये, बरं का. वेगळी स्टेप म्हणजे वेगळा शेल.

जिथे एकच कमांड देता येते, अख्खी स्क्रिप्ट नाही, अशा ठिकाणी मी हे वापरतो:

एसएच -सी 'युमास्क ०२२ && एक्झेक "$@"' एसएच अँट डिस्ट

मधला तो सुटा 'एसएच' चुकून राहिलेला नाही. मगाशी सांगितलं तसं -सी च्या कमांडनंतरचा पहिला तुकडा $० मध्ये जातो आणि "$@" त्याला मोजत नाही. तो गाळलास तर 'अँट' हा शब्दच गिळला जातो आणि शेल 'डिस्ट' नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. एक्झेक लिहिलं की शेल स्वतःच्या जागी अँटला बसवतो. त्यामुळे जेनकिन्सने बिल्ड थांबवलं की सिग्नल थेट अँटला जातो, मध्ये शेल लोंबकळत राहत नाही. हीच ओळ मेकफाइलमध्ये (मेक या दुसऱ्या बिल्ड-साधनाच्या फाइलमध्ये) घातलीस तर डॉलर दोनदा लिही. आणि बिल्डच्या एक्सएमएलमध्ये असली अवतरणं कोंबण्याच्या भानगडीत पडूच नकोस, सरळ चार ओळींची वेगळी .एसएच फाइल कर.

ग्रेडलवर (अँटसारखंच बिल्ड-साधन) जाणार असाल तर आत्ताच सांगून ठेवतो. ग्रेडलचा डेमन (पडद्यामागे चालणारी प्रोसेस) मागे जिवंत राहतो. टर्मिनलमध्ये युमास्क बदलून ग्रेडल चालवलंस तरी काम करतो तो आधीपासून चालू असलेला डेमन, त्याच्या जुन्या युमास्कवर. डेमन थांबवून नव्याने सुरू केला की मगच फरक दिसतो. डॉकरचंही (प्रोग्रामची तयार इमेज बांधणारं साधन) तसंच. डॉकरफाइलमधली प्रत्येक 'रन' ओळ नवा शेल घेते, त्यामुळे 'रन युमास्क ०२२' ही ओळ म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. 'कॉपी' ओळ मात्र तुझ्या डिस्कवरच्या परमिशन जशाच्या तशा इमेजमध्ये नेते, म्हणजे ज्या मशीनवर गिट क्लोन झालं (गिटमधून कोड उतरवला गेला) तिथला युमास्क नकळत इमेजमध्ये शिरतो. गिटला परमिशनमधलं फक्त एक्झिक्युट बिट (फाइल चालवायची परवानगी) आठवतं, बाकी सगळं क्लोन करणाऱ्याच्या युमास्कवर.

मेकमध्ये लोक हमखास फसतात ते इथे: रेसिपीची (मेकफाइलमधल्या कमांडच्या यादीची) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते. वरच्या ओळीत युमास्क, खालच्या ओळीत सीपी, असं लिहिलं तर वरची ओळ फुकट. दोन्ही एकाच ओळीत && ने जोड, किंवा जीएनयू मेक ३.८२ पासून मिळणारं .वनशेल वापर.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका बिल्डमध्ये आम्ही एन्व्ह नावाची छोटी स्क्रिप्ट डॉट लावून आत ओढत होतो (म्हणजे त्याच शेलमध्ये चालवत होतो), तिच्यात युमास्क आणि चार-पाच एक्सपोर्ट होते. कधीतरी मला वाटलं, हिचंही आउटपुट लॉगमध्ये यावं, म्हणून तिच्यापुढे पाइप टाकून 'टी' (आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी कमांड) लावलं. बॅश या शेलमध्ये पाइपचा प्रत्येक तुकडा सबशेलमध्ये (पोर-शेलमध्ये) चालतो. म्हणजे युमास्क बदलला, एक्सपोर्ट झाले, लॉगमध्ये सगळं छान उमटलं, आणि पाइप संपताच ते सबशेल सगळं घेऊन गेलं. दोन दिवस मी लॉग बघत होतो, आणि लॉगमध्ये सगळं बरोबरच दिसत होतं.

आता युमास्कच्या आकड्याबद्दल. बरेच जण वजाबाकी करतात: ६६६ वजा ०२२ बरोबर ६४४. उत्तर बरोबर येतं म्हणून सवय लागते. पण ०३३ घेऊन बघ. वजाबाकीने ६३३ येतं, खरं उत्तर ६४४. ही वजाबाकी नाही, हे जाळं आहे. जाळ्याचा आस (भोकाचा आकार) जसा ठरवतो काय अडकणार आणि काय सुटून जाणार, तसं युमास्कमध्ये जे बिट लावलंय ते अडकतं, बाकीचं जातं. प्रोग्रामने जे बिट मागितलंच नाही ते अडवायचा प्रश्नच येत नाही. आणि जाळं टाकून कोणी मासे पैदा करत नाही. साधी फाइल बनवणारा प्रोग्राम ६६६ मागतो, युमास्क ००० केला तरी त्या फाइलला एक्झिक्युट बिट मिळणार नाही.

त्याहून वाईट म्हणजे प्रोग्रामने मुळातच कमी मागितलेलं असणं. देवगडकडच्या बागायतदारांच्या एका संस्थेसाठी आम्ही हापूसच्या दरांचं पान चालवत होतो. सकाळी वाशीचे दर आले की एक स्क्रिप्ट फाइल तयार करायची, लोक फोनवर दर बघून पेट्या गाडीत भरायच्या की थांबायचं ते ठरवायचे. अर्धवट लिहिलेली फाइल कोणाला दिसू नये म्हणून मी शहाणपणा केला: एमकेटेम्पने तात्पुरती फाइल घ्यायची, तिच्यात लिहायचं, पूर्ण झालं की एमव्हीने जागेवर ठेवायची. पद्धत चांगली आहे, आजही मी तीच वापरतो. त्या सकाळी मात्र सातच्या आधीच फोन सुरू झाले. 'काय रे, दर खंय गेले?' पान उघडत होतं, दरांच्या चौकटीत काहीच नाही. युमास्क बघितला, ०२२. पुन्हा बघितला, ०२२. मी जेनकिन्स, शेल, प्रोफाइल सगळं उसवून काढलं.

युमास्कचा काही दोषच नव्हता. एमकेटेम्प फाइल मुद्दाम ६०० वर बनवतं, तात्पुरत्या फाइलमध्ये दुसऱ्याने डोकावू नये म्हणून. एमव्ही परमिशनला हात लावत नाही. म्हणून ६०० ची फाइल ६०० च राहून थेट वेब फोल्डरमध्ये जाऊन बसली. एमव्हीच्या आधी 'सीएचमॉड ६४४' (सीएचमॉड म्हणजे परमिशन बदलायची कमांड) ही एक ओळ टाकली आणि दर परत आले. जावातही हेच होतं. जुन्या फाइल क्लासचं क्रिएट-टेम्प-फाइल युमास्कप्रमाणे चालतं, नव्या फाइल्स क्लासचं त्याच नावाचं फंक्शन ६०० देतं. कोणी कोड 'आधुनिक' केला की एक दिवस ४०३ येतो आणि कोणाला कारण सुचत नाही.

यावरून माझं मत बनलंय ते सांगतो, पटलं तर घे. बिल्ड चालताना युमास्क ०२२ असावा हे ठीक, पण ज्या फाइल बाहेर जाणार आहेत त्यांच्या परमिशन युमास्कच्या भरवशावर सोडू नयेत. माल जिथून बाहेर पडतो तिथे आकडा लिहून टाकावा. तुझ्या बाबतीत ती जागा म्हणजे आर-सिंक. -ए आहे म्हणून तो ६०० इमानदारीत ६०० च पोचवतो. त्यालाच --सीएचमॉड=डी७५५,एफ६४४ दे. फोल्डर ७५५, फाइल ६४४, मग बिल्ड कुठल्याही मशीनवर होऊ दे. एफ६४४ ने स्क्रिप्टचं एक्झिक्युट बिटही जातं हे लक्षात ठेव. स्टॅटिक साइटला चालेल, बिन फोल्डर असेल तर त्याची फेरी वेगळी कर.

मेकवाल्यांसाठी 'इन्स्टॉल -एम ६४४' आहे. तो फाइलला दिलेला आकडाच लावतो, युमास्कला विचारत नाही. -एम विसरलास तर ७५५ लावतो आणि तुझी एचटीएमएल फाइल एक्झिक्युटेबल होते, एवढं सांभाळ. आरपीएम आणि डेबियनवाल्यांनी (लिनक्सची पॅकेजं बांधणाऱ्यांनी) हे दुखणं केव्हाच ओळखलंय. आरपीएम-बिल्ड आपल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर स्वतःच युमास्क ०२२ लावतं, डेबियनकडे पॅकेज बांधायच्या आधी परमिशन सरळ करणारं डीएच-फिक्सपर्म्स आहे.

अँटच्या टार टास्कबद्दल (तो फाइलींचा एकच गठ्ठा बांधतो) एक इशारा. तो डिस्कवरच्या परमिशन वाचतच नाही. तू आधी सीएचमॉड करून स्टार्ट स्क्रिप्ट ७५५ केलीस तरी टारमध्ये ती ६४४ म्हणूनच जाते, कारण तोच डिफॉल्ट. टारफाइलसेटमध्ये फाइलमोड ७५५ असं लिहावं लागतं, स्क्रिप्टसाठी एक फाइलसेट, बाकीच्यांसाठी दुसरा. झिपलाही हेच.

सीएचमॉडमध्येही युमास्क लपून बसलेला असतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'सीएचमॉड +एक्स' (एक्झिक्युट बिट लाव) मध्ये 'कोणासाठी' हे सांगणारं अक्षर नसतं, तेव्हा तो युमास्कने अडवलेली बिटं सोडून देतो. ०७७ च्या मशीनवर +एक्स ने ६०० ची फाइल फक्त ७०० होते. सगळ्यांसाठी हवं तर 'ए+एक्स' असं अक्षर घालून लिही. फोल्डरसकट करायचं असेल तर -आर ए+आरएक्स, त्यातला एक्स मोठा. मोठा एक्स फोल्डरना लागतो आणि ज्या फाइलना आधीच कोणाचं तरी एक्झिक्युट बिट आहे त्यांना. बाकीच्या फाइलना हात लावत नाही. सरसकट -आर ७५५ करणाऱ्यांना मी समजावून सांगतो. ७७७ करणाऱ्यांना चहा पाजतो आणि कीबोर्ड काढून घेतो.

फोल्डर बनवताना एमकेडीआयआर -पी -एम ७५५ अ/ब/क असं लिहिलंस तर ७५५ फक्त क ला. अ आणि ब युमास्कप्रमाणे, म्हणजे तुझ्याकडे ७००. फाइल ६४४ दिसते आणि तरी ४०३ येतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा मधलं एखादं फोल्डर असं बंद असतं. (टक्का माझ्या अनुभवाचा, मोजलेला नाही.)

युमास्क स्क्रिप्टमध्येच वापरावा असं एक ठिकाण मात्र आहे, आणि ते नेमकं उलटं. बिल्डमध्ये साइनिंगची किल्ली किंवा पासवर्डची फाइल लिहीत असाल तर आधी लिहून मग सीएचमॉड ६०० करू नका. मधल्या क्षणभरात ती ६४४ असते, आणि त्या क्षणात कोणी उघडली तर नंतरच्या सीएचमॉडने त्याच्या हातातली उघडी फाइल बंद होत नाही. तिथे गोल कंसात (युमास्क ०७७, आणि मग लिहिणं) असं कर. कंस म्हणजे सबशेल. कंस संपला की ०७७ ही संपला, पुढच्या स्क्रिप्टला त्याचा स्पर्श नाही. इतका वेळ ज्या गुणामुळे आपण रडत होतो तोच इथे कामाला येतो.

तपासायचं कसं ते सांगून थांबतो. युमास्क कुठे बदलतोय याचा अंदाज बांधत बसू नकोस. लिनक्स ४.७ पासून /प्रॉक/<पीआयडी>/स्टेटस मध्ये 'युमास्क' अशी ओळच असते. अँट चालू असताना त्याच्या जेव्हीएमचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घे आणि तिथे बघ, मग वाद राहत नाही. डिस्टमध्ये चुकार फाइल शोधायला फाइंड डिस्ट -टाइप एफ ! -पर्म ६४४. त्याला बिल्डच्या शेवटी ठेव आणि काही सापडलं तर बिल्ड लाल कर, म्हणजे ४०३ ग्राहकाच्या आधी तुला कळेल. सर्व्हरवर 'नेमआय -एल' आणि फाइलचा पूर्ण पाथ दे. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक फोल्डरची परमिशन एकाखाली एक दिसते, कुठलं दार बंद आहे ते लगेच कळतं.

आणि ज्याने त्या मशीनवर ०७७ लावलाय त्या ॲडमिनशी भांडू नकोस. बिल्ड मशीनवर किल्ल्या असतात, त्याचं बरोबर आहे. तू जेनकिन्सच्या स्टेपमध्ये ती एक ओळ आणि आर-सिंकचा तो एक पर्याय घाल, तेवढ्यात काम होईल. तरी ४०३ आला तर नेमआयचं आउटपुट पाठव. फक्त दुपारनंतर पाठव; रत्नागिरीत आमच्या बाजूला पावसाळ्याआधीची लाइनची कामं चालू आहेत, सकाळी लाइट नसते.